इराणच्या डोंगरात लढलेला वर्ध्याचा माणूस : पांडुरंग खानखोजे

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या गावांत फिरताना चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर कधीकधी एक संगमरवरी पाटी दिसते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले आणि त्यातले इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. एकट्या अपशिंगे गावाने त्या युद्धात 46 माणसं गमावली. आज ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखलं जातं. सातारा-फलटणकडच्या कोरडवाहू भागातल्या तरुणांना पलटणीत भरती होणं नवं नव्हतं. या वेळी मात्र त्यांच्यातल्या अनेकांना बोटीत बसवून इराणच्या आखाताकडे नेण्यात आलं. नोव्हेंबर 1914 मध्ये आखाताच्या टोकाला फाव इथे जी पहिली ब्रिटिश फौज उतरली, तिचं नावच 'सहावी पूना डिव्हिजन' होतं. तिच्यात 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या.

वर्षभराच्या आत त्याच मुलखात आणखी एक मराठी माणूस येऊन पोहोचला. तो आला तुर्कस्तानच्या बाजूने, मुसलमान प्रवाशाच्या वेषात, आणि त्याचं काम नेमकं उलटं होतं. ब्रिटिशांच्या हिंदी शिपायांना फितवायचं, इराणी टोळ्यांना उठवायचं आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत वाट काढायची. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे आपल्याकडे माहीत आहेत ते बहुधा मेक्सिकोतल्या मक्यामुळे, किंवा गदर पक्षाच्या संस्थापकांच्या यादीतलं एक नाव म्हणून. मधली इराणची चार वर्षं दोन ओळींत उरकली जातात. पण ती वर्षं समजून घ्यायची, तर आधी इराणचं काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

एका देशाचे तीन तुकडे

इराणवर तेव्हा काजार घराण्याचं राज्य होतं. खजिना रिकामा, सैन्य नावापुरतं आणि उत्तरेला रशिया, दक्षिणेला ब्रिटिश. 1901 मध्ये शाहने विल्यम डार्सी नावाच्या धनिकाला देशाच्या बहुतेक भागात 60 वर्षं तेल काढण्याचा हक्क देऊन टाकला. बदल्यात इराणला नफ्याचा 16 टक्के वाटा मिळणार होता. 1906 मध्ये लोकांनी चळवळ करून शाहकडून राज्यघटना आणि मजलिस, म्हणजे संसद, मिळवली. आशियातल्या त्या काळच्या मोठ्या लोकशाही चळवळींपैकी ती एक होती. पुढच्याच वर्षी, 31 ऑगस्ट 1907 रोजी, रशिया आणि ब्रिटन यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून इराण वाटून घेतला. उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेयेचा भाग ब्रिटिशांच्या आणि मधला पट्टा तटस्थ. या वाटणीत इराणला कोणी विचारलं नाही. ब्रिटिशांना आग्नेयेचा कोपरा हवा होता तो हिंदुस्थानच्या सुरक्षेसाठी. सरहद्दीलगत दुसरी कुठली बडी सत्ता येऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब होता.

1908 मध्ये मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागलं आणि हिशोब बदलला. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. आबादान बेटावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना आला. आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर आणायचं ठरल्यावर 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने या कंपनीतले बहुसंख्य भागच विकत घेतले. महायुद्ध पेटताच पूना डिव्हिजन आखातात धाडण्यामागे जी कारणं होती, त्यांत आबादानचं हे तेल एक मोठं कारण होतं. साताऱ्याचा शिपाई इराकच्या चिखलात कशासाठी उभा होता, याचं निम्मं उत्तर या एका व्यवहारात सापडतं.

या दोन सत्तांच्या कचाट्यातून सुटायला इराणी नेत्यांनी एकच मार्ग पुन्हापुन्हा वापरून पाहिला. ते तिसरा मित्र शोधत राहिले. 1911 मध्ये त्यांनी मॉर्गन शुस्टर या अमेरिकन माणसाला खजिनदार म्हणून आणलं. तो प्रामाणिकपणे कर गोळा करू लागला, तेव्हा रशियाने निर्वाणीचा खलिता पाठवला, ब्रिटनने मान डोलावली आणि वर्ष संपायच्या आत शुस्टरला घरी जावं लागलं. मग उरला जर्मनी. त्याची इराणला लागून सीमा नव्हती, इराणी जमिनीवर त्याचा दावा नव्हता आणि तो रशिया-ब्रिटनचा शत्रू होता. तेहरानमधल्या अनेक देशभक्तांना एवढी पात्रता पुरेशी वाटली.

खानखोजे आणि त्यांचे साथीदारही याच हिशोबाने चालले होते.

वर्धा ते कॅलिफोर्निया

खानखोजे यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1884 चा, वर्ध्याचा. वडील अर्जनवीस. शाळा वर्ध्यात, पुढचं शिक्षण नागपुरात. वऱ्हाड-नागपूरकडच्या त्या पिढीवर टिळकांचा प्रभाव होता, तसा त्यांच्यावरही होता. विशीत असताना ते टिळकांना भेटले आणि लष्करी शिक्षणासाठी परदेशी जायचं ठरवून निघाले. पहिला मुक्काम जपान. रशियासारख्या बड्या सत्तेला 1905 मध्ये हरवणारा जपान तेव्हा साऱ्या आशियाला मोठा भाऊ वाटत होता. तिथे त्यांची चिनी क्रांतिकारकांशीही ओळख झाली.

जपानमधून ते अमेरिकेला गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या शेती महाविद्यालयांत शिकले आणि मधेच कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस लष्करी अकादमीतही दाखल झाले. नांगर आणि बंदूक या दोन्हींचं शिक्षण असं बरोबरीने चाललं. लाकूड गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये ते काम करू लागले, आणि याच मजुरांच्या बळावर 1913 मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे पहिल्यापासून होते. लष्करी आखणीची बाजू त्यांच्याकडे होती.

युद्ध सुरू झाल्यावर गदरचे लोक पांगले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे थेट हिंदुस्थानात आले. छावण्यांमधून उठाव घडवायचा त्यांचा प्रयत्न फसला आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर ते फाशी गेले. खानखोजे दुसऱ्या बाजूने निघाले. आगाशे आणि प्रमथनाथ दत्त हे दोघे त्यांच्याबरोबर होते. आगाशे महंमद अली झाले, दत्त दाऊद अली झाले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता, त्यामुळे कॉन्स्टँटिनोपलहून पूर्वेकडे वाट मोकळी होती.

तटस्थ देशातलं युद्ध

1 नोव्हेंबर 1914 रोजी तरुण अहमद शाहने इराण तटस्थ असल्याचं जाहीर केलं होतं. ती तटस्थता कोणीच मानली नाही. वायव्येला रशियन आणि तुर्की फौजा एकमेकांशी इराणच्याच भूमीवर लढत होत्या. 1915 च्या सुरुवातीला खुझिस्तानात टोळीवाल्यांनी तेलाची पाइपलाइन तोडली. ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी बुशहर हे बंदर ताब्यात घेतलं आणि तिथल्या इराणी टपाल तिकिटांवर 'ब्रिटिश अंमलाखालचं बुशहर' असा शिक्का मारून ती विकायला ठेवली. बंदरावर पहारा होता हिंदी शिपायांचा.

बुशहरच्या मागच्या तंगिस्तानात रईस अली दलवारी या तरुण सरदाराने प्रतिकार केला. सप्टेंबर 1915 मध्ये तो मारला गेला. इराणमध्ये आजही त्याला राष्ट्रीय वीर मानतात. या टोळ्यांमध्ये राहून त्यांना पैसा आणि धीर पुरवणारा जर्मन माणूस म्हणजे विल्हेल्म वासमुस. तो बुशहरला आधी कॉन्सल होता, फारसी अस्खलित बोलायचा आणि टोळीवाल्यांचाच पोशाख करायचा. खानखोजे यांची गाठ वासमुसशी पडली ती या धामधुमीत. हिंदी पलटणींपर्यंत पत्रकं पोहोचवणं, पकडलेल्या किंवा पळून आलेल्या शिपायांमधून स्वयंसेवक निवडणं, हे काम गदरच्या मंडळींकडे आलं.

ते फार जमलं नाही. काही शिपाई फुटले, बहुतेक फुटले नाहीत. मराठी लेखनात इथे एक तर गदरवाल्यांचं यश फुगवलं जातं, नाहीतर न फुटलेल्या शिपायांकडे नाक मुरडलं जातं. दोन्ही अन्यायाचं आहे. शिपायाच्या मागे गावी घर होतं, पगारावर चालणारी चूल होती, आणि फितुरी सापडली तर गोळी ठरलेली होती. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात याच पूना डिव्हिजनची उपासमार झाली. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या सुमारे 13,000 जणांनी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली, आणि त्यातले कित्येक कैदेत मेले. खानखोजे ज्यांना आपले म्हणून हाक मारत होते ते हेच लोक.

दक्षिण इराणमध्ये त्यांना आधीपासून राहणारा एक हिंदी माणूसही भेटला. मुरादाबादचे पत्रकार सूफी अंबाप्रसाद. जन्मापासून एक हात नसलेले अंबाप्रसाद भगतसिंगांचे काका अजितसिंग यांच्या चळवळीत होते आणि सरकारचा ससेमिरा लागल्यावर इराणला निघून आले होते. शिराझमध्ये त्यांचा मोठा मान होता. परक्या मुलखात गदरवाल्यांना घरं उघडी झाली, भाषेची आणि माणसांची ओळख मिळाली, त्यात त्यांचा वाटा मोठा.

1915 च्या अखेरीला चित्र क्षणभर अनुकूल दिसलं. नोव्हेंबरमध्ये शिराझच्या इराणी जेंडर्मरीने ब्रिटिश कॉन्सलला पकडून किनाऱ्याकडे रवाना केलं. इस्फहान, यझ्द, केरमानमधूनही ब्रिटिशांना काढता पाय घ्यावा लागला. मजलिसचे अनेक सभासद तेहरान सोडून कूमला आणि पुढे केरमानशाहला गेले आणि त्यांनी पर्यायी सरकार मांडलं. राजा महेंद्रप्रताप आणि बरकतुल्ला जर्मन पथकाबरोबर इराण ओलांडून काबूलला पोहोचले आणि 1 डिसेंबर 1915 रोजी त्यांनी तिथे हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर केलं. खानखोजे केरमान आणि बलुचिस्तानच्या दिशेने सरकले. नकाशावर पाहिलं तर पुढे फक्त वाळवंट आणि त्यापलीकडे हिंदुस्थान.

पण वाळवंट ओलांडायला लागते रसद, आणि रसद येत होती बगदादमार्गे, तुर्क आणि जर्मन देतील तेवढीच. ब्रिटिशांनी मधल्या काळात पूर्व इराणच्या सरहद्दीवर हिंदी पलटणींची एक साखळीच उभी केली. 1916 मध्ये तिच्या सीस्तान भागाचा सेनापती होता रेजिनाल्ड डायर. तीन वर्षांनी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तोच हा डायर. बलुची सरदारांना धाक आणि पैसा दोन्ही दाखवून त्याने तो टापू शांत केला. गदरच्या बाजूला आलेल्या सरदारांनाही किती दिवस टिकायचं याचा हिशोब करावा लागत होता, आणि जर्मन सोनं आटत चाललं होतं.

मार्च 1916 मध्ये सर पर्सी साइक्स बंदर अब्बासला उतरला. इराणमध्ये वीसेक वर्षं काढलेला, तिथल्या प्रत्येक खानाशी ओळख असलेला अधिकारी. इराणी माणसं भरती करून त्याने 'साउथ पर्शिया रायफल्स' ही फौज उभारली. अधिकारी ब्रिटिश आणि हिंदी, शिपाई इराणी. तटस्थ इराणच्या भूमीवर परक्या सरकारने चालवलेली ही फौज मजलिसला कधीच मान्य नव्हती. साइक्सने जूनमध्ये केरमान आणि नोव्हेंबरमध्ये शिराझ गाठलं. त्याच्या वाटेत गदरची तुकडी होती. या लढायांमध्ये खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, आणि कैदेतून निसटून टोळ्यांच्या आश्रयाला गेले. त्यांचे काही साथीदार मारले गेले. सूफी अंबाप्रसाद शिराझमध्ये पकडले गेले आणि कैदेतच वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

मार्च 1917 मध्ये बगदाद पडलं आणि मागची वाट बंद झाली. यानंतर हिंदुस्थानच्या सरहद्दीवर चाल करून जाण्याची गोष्ट संपली होती. मागे फिरायला वाटही उरली नव्हती. खानखोजे इराणमध्येच राहिले, कश्काई टोळ्यांबरोबर.

कश्काईंचं बंड

कश्काई म्हणजे फार्स प्रांतातले तुर्की बोलणारे मेंढपाळ. हिवाळ्यात आखाताकडच्या गरम सखल भागात, उन्हाळ्यात झाग्रोसच्या उंच कुरणांत. धनगरांची वाट पाहिलेल्या माणसाला हे जगणं अनोळखी वाटू नये. त्यांचा प्रमुख सौलत-उद्-दौला याने मे 1918 मध्ये साइक्सच्या फौजेविरुद्ध शस्त्र उपसलं. साउथ पर्शिया रायफल्समधल्या इराणी शिपायांनीही काही ठाण्यांवर बंड केलं आणि शिराझमध्ये ब्रिटिश जवळजवळ कोंडले गेले.

साइक्सने हा वेढा नुसत्या तोफांनी मोडला नाही. फार्सचा सुभेदार फरमानफरमा याच्या मदतीने त्याने कश्काईंच्या घरातच फूट पाडली आणि सौलतच्या जागी त्याच्या भावाला प्रमुख नेमवलं. मराठी वाचकाला हा डाव नवा नाही. गादीवर भाऊबंद बसवण्याची ही पद्धत कंपनी सरकारने साताऱ्यात 1839 मध्येच वापरली होती. तेव्हा प्रतापसिंह महाराजांना काढून त्यांच्या भावाला छत्रपती केलं होतं. उरलेलं काम त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने केलं. दोन वर्षांच्या दुष्काळाने आधीच लाखो इराणी मेले होते. त्यावर ही साथ आली आणि कश्काईंचे तळच्या तळ ओस पडले.

नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनीने हार मानली. वासमुस पुढच्या वर्षी पकडला गेला. खानखोजे 1919 पर्यंत टोळीवाल्यांबरोबर तग धरून होते, मग इराणमधून बाहेर पडले.

त्याच वर्षी, 9 ऑगस्टला, ब्रिटनने इराणशी एक करार केला. 20 लाख पौंडांचं कर्ज, आणि बदल्यात सैन्य व खजिना ब्रिटिश सल्लागारांच्या हाती. इराणचा पंतप्रधान वुसूक-उद्-दौला आणि त्याच्या दोन मंत्र्यांना यासाठी 1,31,000 पौंड गुपचूप देण्यात आले. करारामागचा माणूस होता लॉर्ड कर्झन. वंगभंग करून खानखोजेंच्या पिढीला पेटवणारा व्हाइसरॉय आता लंडनमध्ये परराष्ट्र खातं सांभाळत होता. मजलिसने या कराराला कधीच मान्यता दिली नाही. फेब्रुवारी 1921 मध्ये रेझा खानने तेहरानचा ताबा घेतला आणि नव्या सरकारने करार रद्द केला. रेझा खान पुढे शाह झाला.

नंतरची शेती

खानखोजे बर्लिनला आणि तिथून 1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह मॉस्कोला गेले. जपान, जर्मनी आणि आता लेनिनचा रशिया. तिथूनही शस्त्रं आली नाहीत. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले, आणि तेव्हा त्यांच्या हाती उरली होती ती अमेरिकेत शिकलेली शेती. तिथल्या क्रांतीने जमिनी वाटल्या होत्या आणि शेतकऱ्याला शिकवणारी माणसं हवी होती. चापिंगोच्या राष्ट्रीय शेती विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि खेड्यांमध्ये शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने काढलेल्या एका चित्रात मेजाच्या टोकाला बसून भाकर मोडणारा जो माणूस आहे, तो खानखोजेंवरून काढलेला. 1936 मध्ये त्यांनी जान या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया.

गंमत अशी की खानखोजे मेक्सिकोत शेतीकडे वळले त्याच वर्षी वासमुसही बुशहरला परत गेला, तोही शेती करायला. युद्धात त्याने टोळीप्रमुखांना पैसे देण्याचं वचन दिलं होतं आणि जर्मन सरकार ते पुरं करायला तयार नव्हतं. शेतीच्या उत्पन्नातून आपणच ते फेडू, असा त्याचा बेत होता. तो फसला. 1931 मध्ये कफल्लक होऊन तो बर्लिनला परतला आणि त्याच वर्षी वारला.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर खानखोजेंनी मायदेशी यायची परवानगी मागितली. ती आधी नाकारण्यात आली. ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि नव्या सरकारच्या दप्तरात ती यादी तशीच चालत आली होती. नंतर निर्णय बदलला. 1949 मध्ये ते काही काळासाठी आले आणि 1955 मध्ये नागपुरात कायमचे राहायला आले.

मधल्या वर्षांत इराण पुन्हा जगाच्या बातम्यांत होता. 1951 मध्ये पंतप्रधान मोसादेक यांनी त्याच कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं, जिचं तेल राखायला पूना डिव्हिजन गेली होती. ब्रिटनने इराणचं तेल कोणी घेणार नाही अशी नाकेबंदी केली. मोसादेक यांना अमेरिका मध्यस्थी करेल अशी आशा होती. 19 ऑगस्ट 1953 रोजी अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून त्यांचं सरकार पाडलं.

नागपुरातल्या खानखोजेंना फारसी आणि स्पॅनिश दोन्ही येत होत्या. मराठी शब्द मात्र कधीकधी आठवावा लागे इतकी वर्षं बाहेर गेली होती, म्हणजे जवळजवळ पन्नास. 22 जानेवारी 1967 रोजी नागपुरातच त्यांचं निधन झालं.